साडूंच्या कम्प्युटरचं कुलूप

आमच्या साडूंइतका संशयी माणूस परतूर तालुक्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर साडूंनी त्याच्यावर कधीच संशय घेऊन ठेवला असेल. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, त्यांचे हे यजमान. सगळी नोकरी सरकारी रेकॉर्ड सांभाळण्यात गेली. रिटायर होऊन वाटूरला घर बांधलं, आणि सांभाळायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी कम्प्युटर घेतला, असं माझं प्रामाणिक मत आहे.

घेतला खरा, पण त्यात कोणती सिस्टिम घालायची यावर तीन महिने खल चालला. फाट्यावरच्या हॉटेलात बसून विंडोज आणि लिनक्स यांतला फरक त्यांनी मला इतक्यांदा समजावला की चहावाल्यालाही तो पाठ झाला. "हे बघा साडूभाऊ, विंडोज म्हंजे हमरस्ता. सगळी दुनिया तिथून जाती, मंग चोरबी तिथंच बसून राह्यले. लिनक्स आडवाट. आडवाटंला कोन बसतंय?" मी म्हणालो, "दादा, आडवाटेला आपलीच गाडी बंद पडली तर?" "उतरून ढकलायची," ते म्हणाले, आणि लिनक्स घातलं. पहिला आठवडाभर त्यांना प्रिंटर काही चालवता येईना. त्याचाही त्यांना आनंदच. जे घरच्या माणसाला दाद देत नाही ते परक्याला काय देणार, असं त्यांचं म्हणणं.

मग पहारा सुरू झाला. कॅमेऱ्यावर अक्कांची मोठी टिकली चिकटली. कुणी पेनड्राइव्ह आणला की तो आधी कुठं कुठं जाऊन आला याची उलटतपासणी. माझ्या मुलीच्या लग्नाचे फोटो मी हौसेनं घेऊन गेलो, तर म्हणे, "आधी कुठं लावल्ता?" "आष्टीच्या स्टुडिओत." "मंग न्हाई." ते फोटो त्यांनी अजून पाहिलेले नाहीत. पासवर्ड टाकताना खोलीतल्या सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. पन्नाशी उलटलेला मी, निमूटपणे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलेलो आहे. पुढं त्यांनी घरातला कागदन् कागद स्कॅन करून आत घातला आणि मूळ कागद पाणी तापवायच्या बंबात. "कागद कुनीबी उचलतंय. आता बिलकुल घोर न्हाई."

"पासवर्ड कुणाला तरी सांगून ठेवा दादा," मी एकदा म्हणालो. "तुमच्या अक्काला ठावं हाय. ती मेली तरी कुनाला सांगनार न्हाई." मला वाटलं, बायकोचं कौतुक करतायत.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना जालन्याला नेलं, सोबत अक्का. डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध सोसत नाही असं आहे का? होतं. मागं एका इंजेक्शननं ते मरता मरता वाचले होते, पण त्या इंजेक्शनचं नाव अक्कांना आठवेना, आणि ते लिहिलेला कागद बंबात गेल्ता. साडू गुंगीत. मी परतूरहून वाटूर गाठलं, शेजाऱ्यांकडून किल्ली घेतली, कम्प्युटर चालू केला आणि अक्कांना फोन लावला.

"अक्का, पासवर्ड सांगा. जल्दी."

पलीकडून बारीक आवाजात, "दाजी, मला न्हाई सांगता यायचं."

"अक्का, डॉक्टर थांबलेत."

"उखाना हाय तो. माज्या लग्नातला. इंग्रजी अक्षरात लिवलाय, मधी जागा न सोडता."

मी कपाळावर हात मारला. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण त्या उखाण्यानंतर या बाईनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. 'हे' आणि 'आमचे' एवढ्यावर संसार केला. आणि या गृहस्थांनी नेमकं तेच कुलूप म्हणून लावलं होतं! असा राग आला मला त्यांचा.

मागं दवाखान्याच्या व्हरांड्यातला गलका ऐकू येत होता. अक्का एकेक शब्द सांगू लागल्या. "कापसाच्या बोंडातून... निगाली सरकी..." नावापाशी थांबल्या. उखाण्यात कुठलं नाव होतं, कागदावरचं की घरातलं, ते मला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी नाव घेतलं. "...रावांच्या घराला मी न्हाई परकी." ते नाव मी इथं गाळलंय, ते त्यांचं आहे. घाईत मी एक अक्षर खाल्लं, कुलूप उघडेना. "अक्का, नाव परत घ्या." त्यांनी परत घेतलं, आणि या वेळी चांगलं मोठ्यानं. स्कॅन केलेला कागद सापडला, इंजेक्शनचं नाव मी फोनवर नर्सला वाचून दाखवलं. साडू वाचले.

ते घरी आल्यावर भेटायला गेलो. पासवर्ड फुटला म्हणून बोलणी खायची तयारी ठेवूनच गेल्तो. अक्का चहा करायला आत गेल्या, तसे ते जवळ सरकले.

"समद्यांसमोर घेतला म्हनं?"

"सगळ्यांसमोर. दोनदा."

बराच वेळ ते पांघरुणाचा काठ चाचपत राहिले. "लग्नात बँड वाजून राह्यल्ता, साडूभाऊ," ते म्हणाले. "मला काईच ऐकू आल्तं न्हाई. उखाना मागून माज्या बहिनीनं सांगितला." मग हळूच विचारलं, "कसं घेतलं हो तिनं नाव?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण माझ्या आवाजात ते काही येईना. अडतीस वर्षं त्या माणसाच्या वाट्याला न आलेली गोष्ट मी फोनवर फुकट ऐकून बसलो होतो, आणि मला त्याची फार लाज वाटली.