उरलेल्या जागेतला शब्द

माझा धाकटा भाऊ पेंटर आहे, दुकानांचे बोर्ड रंगवतो. अक्षर असं की बघत राहावं, आणि डोकं असं की बोलायची सोय नाही. गिऱ्हाईक सांगेल ते लिहायचं, फक्त बोर्ड भरलेला दिसला पाहिजे. एका बाजूला जागा रिकामी राहिली तर ह्याला जेवण जात नाही.

त्या उन्हाळ्यात त्याने बसस्टँडमागच्या इमारतीवर नव्या नर्सिंग कॉलेजचा बोर्ड रंगवला. घरी येऊन हसत सांगितलं, "ताई, उजवीकडे जागा उरत होती. मॅनेजरला म्हटलं, काहीतरी द्या. तो म्हणाला, टाका 'शासनमान्य'!" आम्हीही हसलो.

पुढे त्याच्या मुलीला, माझ्या भाचीला, दुसऱ्या शहरातल्या जुन्या नर्सिंग कॉलेजात जागा लागली. हॉस्टेलवर राहायला लागणार होतं. आई नसलेली पोर. भावाचा जीव वरखाली व्हायला लागला.

"इथंच घालू. रोज घरी तरी येईल. शासनमान्य आहे."

"कोण म्हणतं?"

"बोर्डावर आहे की!"

"अरे शहाण्या, ते तूच लिहिलंस ना, जागा भरायला?"

"म्हणून काय झालं? भर रस्त्यावर खोटं लिहून घेईल का कोणी?"

मी कपाळावर हात मारला. स्वतःच्याच अक्षराला भुलला होता तो.

तरी बघायला तिघं गेलो. ऑफिसात मॅनेजर, वर्ग दाखवायला मॅनेजर, पाणी आणून द्यायलाही तोच. सरावाच्या खोलीतल्या पलंगांवर गाद्यांचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. नळ सोडला तर नुसती हवा फुसफुसली. फिनेलचा वास नाही, पोरींची कलकल नाही.

"मुली कुठे आहेत?" मी विचारलं.

"हॉस्पिटलमध्ये, कामावर."

"कुठल्या?"

"वेगवेगळ्या."

भाचीने माझा हात घट्ट धरला होता, पण बापाचा चेहरा खुलला होता. मॅनेजरने तिचे मूळ दाखले मागून घेतले, कपाटात ठेवले आणि किल्ली खिशात टाकली. "झेरॉक्स चालत नाही," म्हणाला. मी भावाला कोपर मारलं. त्याने माझ्याकडेच डोळे वटारले.

जुन्या कॉलेजातली जागा गेली. भाची इथे जायला लागली. वर्गात ती आणि आणखी दोघी. शिकवणाऱ्या बाई दर दोन दिवसांनी बदलायच्या. मी भावाला टोकायचे, तो म्हणायचा, "ताई, तुझा स्वभावच संशयी."

मग एका सकाळी त्याचा फोन वाजला. हात रंगाने माखलेले, म्हणून त्याने स्पीकर लावला. इमारतीचा मालक बोलत होता.

"पेंटर, त्याच मापाचा बोर्ड पाहिजे. फर्निचरचं दुकान येतंय. जुनं आजच पुसा."

"आणि कॉलेज?"

"तो मॅनेजर गेला सामान घेऊन. नंबरही बंद आहे त्याचा."

"कपाट? कपाटात माझ्या मुलीचे दाखले आहेत हो!"

"कपाट कसलं? खोल्या रिकाम्या आहेत."

फोन संपला तसा भावाने रंगाच्या हातांनीच मॅनेजरचा नंबर लावून बघितला. बंद.

तेवढ्यात भाची आतून आली. पांढरा युनिफॉर्म, केस चापून बांधलेले, हातात डबा.

"बाबा, येते हं. आज इंजेक्शन शिकवणार आहेत."

त्याने मान खाली घालून हात पुसायला घेतले. चप्पल पायात सरकवून ती निघाली. शेवटी मीच उठले आणि दारात आडवी उभी राहिले.