१८४ वर गेलेलं ब्लड प्रेशर

माझं गाव न्हावरे, तालुका शिरूर. आर्मीत मी नर्सिंग असिस्टंट होतो. त्या वर्षी पोस्टिंग मिलिटरी हॉस्पिटलला होतं. सायनाइडच्या विषबाधेवर द्यायच्या एका औषधाची तिथे निरोगी जवानांवर चाचणी होती. त्यानं ब्लड प्रेशर किती चढतं आणि कधी उतरतं, ते पाहायचं होतं.

डॉक्टर मेजर साहेबांनी फॉल-इनमध्ये, सगळे रांगेत उभे असताना सांगितलं, "हा हुकूम नाही. नाही म्हणणाऱ्याला कोणी जाब विचारणार नाही."

पहिला हात वर गेला तो कासुर्डीच्या हवालदार संपत गायकवाडांचा. आमच्या भागातला माणूस, म्हणून मी त्यांना दादा म्हणायचो.

सकाळी नऊला ड्रिप लावली. औषध बिटाच्या रसासारखं लाल. सुरुवातीचं प्रेशर ११८/७६. पंधरा मिनिटांनी ड्रिप संपली तेव्हा १८४/१०८. चेहरा, छाती, तळहात लालबुंद. मी दंडावरचा पट्टा काढून पुन्हा बांधला. आकडा तोच. माझं पेन कागदावर टेकेना.

"दादा, डोकं दुखतंय?"

"जरा ठणकतंय. तू का घाबरलास?"

"लई चढलंय."

"मग चढलंय आसं लिव्ह. उद्या ह्या कागदावर कुनाचा तरी जीव हाय."

मेजर साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. "दर पाच मिनिटांनी रीडिंग." दुपारी एकला प्रेशर १२०/७८ झालं, तेव्हाच ते उठले.

दोन वर्षांनी भर दुपारी छावणीतल्या स्टोअरला आग लागली. फोमच्या गाद्या पेटल्या होत्या. त्या धुरात सायनाइड असतं. मी ॲम्ब्युलन्स घेऊन पोचलो तेव्हा दादांनी एका जवानाला बाहेर काढलं होतं आणि ते दुसऱ्यासाठी आत गेले होते. दारात आले तेव्हा तो त्यांच्या खांद्यावर होता.

"ह्याला आधी घ्या."

आम्ही त्याला ओढून घेतलं आणि छप्पर दादांवर कोसळलं.

मी वायरलेस सेट उचलला. "दोन कॅज्युअल्टी. धूर. शुद्ध नाही. ओव्हर."

हॉस्पिटलमध्ये दादांनी काढलेल्या त्या दोन्ही जवानांना तेच लाल औषध दिलं. प्रेशर चढू लागलं तशी नवी सिस्टर गडबडली.

"चढू दे," मेजर साहेब म्हणाले. "उतरतं. आपण पाहिलंय." दोघंही वाचले.

कासुर्डीला दादांच्या वडिलांना भेटायला मी गणवेशात गेलो. आबा ओट्यावर बसले होते.

"शेवटी काय बोलला त्यो?"

"ह्याला आधी घ्या, म्हणाले."



"ल्हानपनी जेवायला बसला, की धाकट्याकडं बोट करून ह्येच म्हनायचा," आबा म्हणाले. "ह्याला आधी वाढ."