कैदी राजाची चांदी

दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून घासून त्याची मान अवघडून जायची. दातांच्या कारखान्यात त्याची हयात गेली. घरी आला की बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसून राहायचा. बायको म्हणायची, "जगाला दात दिलेत, आता दोन घास खाऊन घ्या."

त्याला एकच नाद होता, आणि तो थोरल्या भावाने लावलेला. चारशेहून जास्त वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठले होते, तेव्हाची चांदीची नाणी. दोघांनी मिळून ती पोटाला चिमटा काढून जमवली. पुढे आई अंथरुणाला खिळली. तिला कुणी ठेवायचं यावरून भांडण झालं आणि वाटणी झाली ती नाण्यांची. कॅथलिक बंडखोरांनी पाडलेली दादाने उचलली, राजाच्या बाजूची याच्याकडे राहिली. आई याच्याकडेच वारली. त्यानंतर दोघांत बोलणं नाही.

एका संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "भावोजी, ह्यांना आता काहीच दिसत नाही. येऊन जा."

जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तरी नाण्यांची पेटी काखेत मारून तो गेला.

दादा खिडकीपाशी बसला होता, खिडकीकडे पाठ करून. याने त्याच्या तळहातावर एक नाणं ठेवलं. दादाने अंगठा फिरवला. फुलांच्या टोकांचा क्रूस, मग चेपलेली कड.

"हे मी घेतलं होतं. तू चोरलंस."

"वाटणीत आलं."

"वाटणी तू केलीस."

"आणि आईचं मी केलं," हा म्हणाला. आवाज चढवायचंही त्राण नव्हतं.

दादाने ते नाणं याच्या हातात परत दिलं. म्हणाला, "मला जमलं नसतं रे. तेव्हा तसं तोंडातून निघालं नाही." आणि आपला डबा पुढे सरकवला. "घेऊन जा. मला आता काय उपयोग?"

"नको. आहेत तेवढीच सांभाळता सांभाळता कंटाळलो. ही पेटीही तूच ठेव. तुला हाताने तरी कळतात."

वहिनी दारात चहा घेऊन थांबली होती. कप ठेवून ती तशीच आत गेली.

आता सुट्टीच्या दिवशी तो तिकडे जातो. दादा एकेक नाणं चाचपून त्याची गोष्ट सांगतो. बंडखोरांनी राजा म्हणून ज्याचं नाव नाण्यावर घातलं, तो म्हातारा कार्डिनल, चर्चचा बडा धर्मगुरू, कैदेतच होता. तिथेच मेला, तरी त्याच्या नावाची नाणी पडतच राहिली. ही गोष्ट तर दादा हमखास सांगतो. मध्येच "चूक बोलतोयस" असं कुणी म्हणेल म्हणून थांबतो. पण धाकट्याचा केव्हाच डोळा लागलेला असतो. नवऱ्याला दिसत नाही हे विसरून वहिनी आधी खूण करते, मग हळूच सांगते, "झोपलेत. झोपू द्या."

दादा आवाज उतरवतो, पण गोष्ट अर्धी टाकत नाही.