चारा नव्हे, कियारा : नावन ते ड्रोहेडा

कुसुमताई, गुडघा कसा आहे? जोशीकाका, मोतीबिंदूची पट्टी सुटली का? सुनंदा, खोकला गेला की अजून ओव्याचा काढाच पितेयस? मी आयर्लंडहून ठणठणीत परतलेय.

गेले होते लेकाकडे, नावनला. नात झाली म्हणून. सुनेने, केतकीने, नाव इंग्रजीत लिहून दाखवलं. मी अक्षरं जुळवून वाचलं, "चि-आ-रा. अगं, पोरीचं नाव की गुरांचा चारा?"

"आई, कियारा! इटालियन आहे. बाळंतपणात माझा हात न सोडणाऱ्या सिस्टरचं."

"अर्थ काय?"

"गोड वाटतं की ऐकायला!"

लेक लगेच फोन काढून, "थांब, बघतो." म्हटलं, राहू दे. ज्यांच्या घरात या नावाने हाक मारतात, त्यांच्याच तोंडून ऐकीन.

माझं माहेरचं नाव नकुसा. चौथी मुलगी, नको होती, म्हणून. लग्नात नाव बदललं. पण शाळेविना अक्षरं गिरवायला शिकले तेव्हा पहिला शब्द तोच लिहिला होता, तो अजून बोचतो. बाळाच्या आत्याला, म्हणजे माझ्या लेकीला, व्हिसा मिळाला नाही, त्यामुळे रविवारच्या बारशाला बाळाच्या कानात नाव मीच सांगायचं होतं. अर्थ कळल्याशिवाय सांगणार नव्हते.

ड्रोहेड्याला एका इटालियन आजींचं चिप्सचं, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या फोडींचं, दुकान आहे, असं केतकीकडून कळलं. शनिवारी बसने एकटीच निघाले. तुम्ही गेलात तर सुटे पैसे ठेवा आणि छत्रीऐवजी रेनकोट न्या. वारा छत्रीचं कमळ करतो. वाटेत स्लेन गावाला बस उतारावरून थेट बॉइन नदीच्या पुलावर येते, तेव्हा पुढचा दांडा घट्ट धरा.

शेजारी एक आयरिश आजोबा होते. त्यांना केतकीने नाव लिहिलेला कागद दाखवला.

"हे तर आमचं नाव! कीरा. म्हणजे काळी."

काळ्याचं मला वावडं नाही, आमचा विठोबा काळाच. पण यांची कीरा, आमची कियारा. म्हटलं, अर्ध्यावरून परतायचं नाही. उतरताना सगळे ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात, मीही म्हटलं. "यू आर ग्रँड, लव्ह," तो म्हणाला. म्हणजे, असू दे गं बाई!

दुकानात व्हिनेगरचा वास भरलेला. आजींनी ॲप्रनला हात पुसून कागद घेतला. "कियारा! स्वच्छ. उजळ. जुन्या लॅटिनमधलं." मग वाटीत अंडं फोडून पांढऱ्यावर बोट ठेवलं. "यालाही आम्ही कियारा म्हणतो."

मी जन्माची शाकाहारी! दोन पावलं मागेच सरले, तशा त्या खदखदून हसल्या.

मग धीर करून मोडक्या इंग्रजीत विचारलं, "नको असलेल्या मुलीला ठेवतात का हे नाव?"

त्यांचं हसू थांबलं. माझा हात धरून म्हणाल्या, "नको असलेल्या मुलीला उजेड कोण म्हणेल, बाई?"

गरम चिप्स घेतल्या, पण नदीकाठी बसून खाता खाता त्या गार झाल्या.

रविवारी पाळण्यावर वाकले आणि नाव सांगितलं. एकदा नाही, तीनदा.

इथे साताऱ्यात शेजारीण विचारते, "नातीचं नाव चारा म्हणे?" मी ठणकावून सांगते, "कियारा. म्हणजे उजेड. हवा होता, म्हणून ठेवलाय."

तुमच्या नावाचा अर्थ काय, कोणी ठेवलं, लवकर लिहा. माझ्यासारखं असेल, तर आधी लिहा.