लाल पट्टीचे तीन प्रश्न

आमच्या कारखान्यात पंपाचे शाफ्ट, म्हणजे आतले फिरते दांडे, बनत. मी लेथवर टर्नर होतो. माझा माल तपासायला जो बसायचा त्याला आम्ही पाठीमागे परतराव म्हणायचो, कारण हा माणूस बोलायचा एकच शब्द. शाफ्ट हातात घ्यायचा, मापाचा व्हर्नियर लावायचा, आणि माप दोन शतांश मिलिमीटर जरी हललं असलं तरी शाफ्ट टेबलावरून आमच्याकडे सरकवायचा. "परत." शिवी नाही, आवाज नाही. भट्टीवाला म्हणायचा, "याला न्यायला यम आला तर त्यालाही परत पाठवेल. फास वाकडा आहे म्हणून."

पण माणूस कामाला पक्का. त्याने पास केलेला शाफ्ट गिऱ्हाइकाकडून माघारी आलेला मी फक्त एकदाच पाहिला, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. एका जुन्या टर्नरने शाफ्टवरची बारीक चीर पॉलिश पेपरने घासून बुजवली होती. चालत्या पंपात शाफ्ट तुटला, तिथल्या कामगाराचा हात मोडला. परतरावाने त्या टर्नरला विचारलं, "लपवलंस का?" तो म्हणाला, "तुमच्या त्या 'परत'ला भ्यालो, साहेब."

दुसऱ्या दिवशी परतरावाने आपल्या टेबलाशेजारी भिंतीत एक खिळा ठोकला आणि त्यावर लाल पुठ्ठ्याच्या पट्ट्या अडकवल्या, दोरा बांधलेल्या. नियम असा, की ज्याला आपल्या कामातली चूक स्वतःला दिसेल त्याने पट्टीवर लिहायचं, ती मालाला बांधायची आणि माल टेबलावर ठेवायचा. तो ठेवेपर्यंत परतराव खिडकीकडे तोंड करून उभा राहणार. मग वळून तीनच प्रश्न विचारणार. काय झालं? केव्हा झालं? आता काय करायचं? 'कोणी केलं' हे विचारायचं नाही आणि पट्टी बांधणाऱ्याला बोल लावायचा नाही. सुरुवातीला आम्ही हसलो. पण वर्षभरात भंगार निम्म्यावर आलं.

हे सगळं कारखान्यात. घरी हा खिळा नव्हता.

आमचं आणि परतरावाचं घर समोरासमोर होतं. त्यांच्या घरी वहिनी आणि दोन मुली. थोरली नऊ वर्षांची, धाकटी दोन वर्षांची, गुबगुबीत, तिला सगळे ढब्बू म्हणत. थोरली संध्याकाळी ओट्यावर बसून शुद्धलेखन करायची. परतराव वही हातात घ्यायचा, लांब धरायचा, जवळ धरायचा. एखादं अक्षर शेजारच्यापेक्षा उंच दिसलं की पान फाडायचा. "परत." मी समोरून पाहायचो. पोर रडायची नाही. पेन्सिलीला टोक करायची आणि नवीन पान घ्यायची. मला त्या वेळी वाटायचं, बाप कसा असावा तर असा. कष्टाची सवय लावतोय.

माझी बायको म्हणाली, "तुम्हाला लेथशिवाय काही दिसत नाही. ती पोर पाण्याचा एक पेला चारदा विसळते. नखं कुरतडून बोटांतून रक्त काढते. आणि बोलते ते कुजबुजून."

"गुणी आहे."

"गुणी नाही, भेदरलेली आहे. मागच्या महिन्यात कप फुटला तर तुकडे आपल्या कुंडीत पुरून गेली. आपल्या! त्यांच्या नाही."

घरात परतरावाचा प्रश्न एकच असायचा. पाणी सांडलं, दार उघडं राहिलं, की दारातूनच, "कोणी?" आणि थोरलीचं उत्तरही ठरलेलं. "मी नाही." प्रश्न पुरा व्हायच्या आत.

एकदा ती माझ्या दारात आली. हात पाठीमागे. म्हणाली, "काका, मला कारखान्यातली एक लाल पट्टी आणून द्याल?" जेवताना बापाने घरी त्या पट्ट्यांची गोष्ट सांगितली असणार. मी हसलो. म्हटलं, "तुला कशाला गं? तू काय शाफ्ट बनवतेस?" ती निघून गेली. मी पट्टी आणली नाही. सोपं काम होतं, खिशात घालून आणायची होती.

त्यानंतर महिनाभराने, शनिवारची गोष्ट. शनिवारी कारखाना अर्धा दिवस. वहिनी कपडे शिवण्याच्या कारखान्यात पाचपर्यंत कामाला असायच्या, त्यामुळे परतराव दुपारी दोनला घरी येईपर्यंत ढब्बूला थोरली सांभाळायची. परतरावाच्या दाराची बिजागरी किरकिरत होती. ती बदलून द्यायला मी अडीचला त्याच्या घरी गेलो.

ढब्बू बापाच्या मांडीवर होती आणि रडत होती. एरवी ती रडली की गल्ली ऐकायची. आज आवाज घोगरा होता. तोंडातून लाळ गळत होती, फ्रॉकचा पुढचा भाग सगळा ओला. परतरावाने दूध पाजून पाहिलं. दोन घोट आत गेले आणि तसेच बाहेर आले.

"दाढा येत असतील," मी म्हणालो.

"घसा धरलाय." परतरावाने थोरलीकडे पाहिलं. ती भिंतीला पाठ लावून उभी होती. "काय खाल्लं हिने?"

"काही नाही."

"कोणी काही दिलं?"

"मी नाही."

तो कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे जाऊन आला. घशाचे थेंब घेऊन आला. औषधवाल्याने सांगितलं होतं, थेंब द्या, झोपवा, फरक नाही पडला तर सोमवारी डॉक्टरला दाखवा. थेंबही बाहेर आले. त्याने पोरीला खांद्यावर टाकलं आणि थोपटायला लागला. थोरलीची नजर ढब्बूच्या तोंडावरून हलत नव्हती. मी बिजागरीचे स्क्रू काढत होतो. तीन वाजायला आले होते.

"बिजागरीच्या खिळीचं माप काय आहे?" मी विचारलं. वेळ जावा म्हणून विचारलं, खरं सांगायचं तर.

परतरावाने एका हाताने कपाटावरची लाकडी पेटी काढली. आत त्याचा स्वतःचा डिजिटल व्हर्नियर होता, आकडे दाखवणारा. त्याला घरात कोणी बोट लावत नसे. त्याने बटण दाबलं. आकडे आले नाहीत. परत दाबलं. मग व्हर्नियर उलटा केला. सेलचं झाकण अर्धवट बसवलेलं होतं. त्याने ते अंगठ्याने सरकवलं. आत सेल नव्हता.

शर्टाच्या बटणाएवढा सेल असतो तो. चकचकीत.

परतरावाचा चेहरा मी हजारदा पाहिला होता, पण असा नाही. कपाळाची शीर फुगली. वाटलं, आता छप्पर उडणार. थोरली भिंतीत शिरायला बघत होती. तिचे ओठ हलत होते. उत्तर तयार होतं, फक्त प्रश्न यायचा होता.

"को..."

शब्द तिथेच अडकला. तो ढब्बूकडे बघत राहिला. लाळेकडे. मग त्याने मेजाचा खण ओढला. नवीन सेलचं पाकीट काढलं. पाकिटावर तोंडाशी हात नेणाऱ्या बाळाचं चित्र होतं आणि त्यावर फुली. माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला.

सेल कपाटाखाली घरंगळला असेल, की पोरीच्या पोटात असेल? हे या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाला तीन वर्षं फक्त 'मी नाही' एवढंच म्हणायला शिकवलेलं. एकदा ती तसं म्हणाली असती की संपलं. मग आम्ही कपाट हलवलं असतं, पलंग हलवला असता, अर्धा तास जमीन चाचपली असती.

परतरावाने ढब्बूला माझ्याकडे दिलं. खुंटीवर त्याचा कारखान्यातला कोट होता. कोटाच्या खिशातून त्याने एक लाल पट्टी काढली, कानावरची पेन्सिल काढली आणि दोन्ही थोरलीच्या पायाशी जमिनीवर ठेवल्या.  

"माझं माप चुकलं," तो म्हणाला. "तू लिही."

आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मला घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. ढब्बूच्या छातीतून गुरगुर येत होती. मी काही बोलणार होतो, पण त्याने पाठमोऱ्यानेच हात वर केला. गप्प. कारखान्यातही तो असंच करायचा. पट्टी बांधताना कोणी घाई करायची नाही.

थोरली खाली बसली. पेन्सिल उचलली, टोक पाहिलं. सवय. मग लिहायला लागली. चार-पाच शब्द असतील, पण मला ते तासाभराचे वाटले. लिहून झाल्यावर ती उठली आणि पट्टीचा दोरा ढब्बूच्या मनगटाला बांधला. कारखान्यात मालाला बांधतात, म्हणून.

परतराव वळला. पट्टी वाचली. 'सेल ढबूने गिळला. दिड वाजता.' ढब्बूमधला ब एकच होता आणि दीडची वेलांटी ऱ्हस्व होती. अक्षरं वाकडी-तिकडी.

"काय झालं?" आवाज खाली.

"अक्षरं सारखी आहेत का ते मोजत होते. व्हर्नियरने. मग आकडे गेले. मला वाटलं, मी मोडला." तिने श्वास घेतला. "म्हणून उघडला. सेल खाली पडला आणि ढब्बूने उचलून तोंडात घातला."

तो व्हर्नियर वापरला नाही की थोड्या वेळाने आपोआप बंद होतो. बटण दाबायचं, परत चालू. एवढंच. पण ते विचारायला कोणाकडे जाणार?

"केव्हा झालं?" पट्टीवर लिहिलेलं होतं, तरी त्याने विचारलं. नियम म्हणजे नियम.

"दीड वाजता. ती खोकली आणि मग लाळ आली. मी बोट घालून पाहिलं, निघाला नाही."

"आता काय करायचं?"

ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "पळायचं, बाबा!"

माझी मोटरसायकल दारात होती. थोरलीला मी पुढे टाकीवर बसवलं, परतराव मागे ढब्बूला छातीशी धरून. पाच मैल. दोन सिग्नल मी तोडले, त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. परतराव वाटेत एकच गोष्ट बोलला, माझ्या कानात, "श्वास चालू आहे." दर मिनिटाला तेच. "श्वास चालू आहे."

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी लाळ पाहिली आणि लगेच आत घेतलं. एक्स-रे निघाला. छातीच्या वर, अन्ननलिकेत, गोल पांढरा ठिपका आणि त्याला आत दुसरं वर्तुळ. बाई म्हणाल्या, "नाणं असतं तर एवढी घाई नसती. सेल आतून जाळतो. किती वाजता गिळला? नक्की सांगा. कोणी पाहिलं?"

'कोणी' हा शब्द ऐकताच थोरली माझ्या मागे सरकली. परतरावाने तिचा हात धरून तिला पुढे आणलं. "हिने पाहिलं. हिने सांगितलं, म्हणून आम्ही इथे आहोत. दीड वाजता."

चार वाजता सेल काढला. अन्ननलिकेला आतून भाजलं होतं. भोक पडलं नव्हतं. बाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत थांबला असतात तर पोर वाचेल असं मी म्हणाले नसते. ढब्बू अकरा दिवस तिथे होती, नाकातल्या नळीने दूध घेत.

वहिनी सव्वापाचला धावत आल्या. सगळं ऐकलं. थोरलीला पोटाशी घेतलं, आणि मग नवऱ्याला म्हणाल्या, हळू आवाजात, पण मला ऐकू आलं. "पानं फाडलीत तेव्हा मी गप्प बसले. त्याचीही एक पट्टी माझ्या नावाची बांधा."

 मीही माझी एक पट्टी मनातल्या मनात बांधली. थोरली पट्टी मागायला आली होती, आणि मी हसलो होतो.

पुढच्या आठवड्यात त्याने स्वयंपाकघराच्या दाराशी खिळा ठोकला. मला वाटलं, झालं, सुधारला माणूस. तसं नसतं. लेथवर एकदा वाकडं कापलेलं सरळ व्हायला दसपट वेळ जातो, कधी होतच नाही. थोरली आता प्रत्येक गोष्टीला पट्टी बांधायची. चमचा पडला, पट्टी. दोन मिनिटं उशीर, पट्टी. एका आठवड्यात छत्तीस. परतराव प्रत्येक वेळी खिडकीकडे वळायचा, प्रत्येक वेळी तीन प्रश्न. ओट्यावर बसून मी ऐकायचो आणि त्याच्या सहनशक्तीचं मला नवल वाटायचं. कधी त्याच्या तोंडून 'परत' निसटायचं. मग तो स्वतः पट्टी घ्यायचा आणि आपल्याच शर्टाच्या बटणाला बांधायचा. त्या वेळी पोरगी खिडकीकडे तोंड करायची. पण हसायची नाही. हसू यायला वर्ष लागलं.

ती अकरा वर्षांची असताना एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. आतून धप्प आवाज आला. थोरली बाहेर आली, हातात व्हर्नियर. त्याची काच फुटलेली, जबडा वाकलेला. खिळ्याकडे तिने पाहिलंही नाही.

"बाबा, माझ्या हातून पडला."

परतरावाचे कान लाल झाले. मला वाटलं, आता. त्याने मान खाली घातली, व्हर्नियर हातात घेतला, वाकडा जबडा अंगठ्याने चाचपला. 

"काय झालं?" तो म्हणाला.