तीन बाहेर, दोन आत

“आपोआप? आपोआप फक्त उतारावर जाता येतं!” असं म्हणत बाई पाठीवर हात ठेवायच्या आणि सरळ दाराबाहेर ढकलायच्या. मंडळी, त्यांनी मलाही ढकललंय. पन्नाशीच्या, सुटलेल्या पोटाच्या शेजाऱ्याला!

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बाई आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. आठवडाभर ऑफिस, आणि रविवारी सकाळी कॉलनीतल्या बारावीच्या मुलांना जीवशास्त्र. तेही उभ्यानं. चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायच्या.

त्यांचा हॉल म्हणजे पेशी. जिन्यात सोडियम झालेली मुलं दाटीवाटीनं उभी, हॉलमध्ये पोटॅशियमची खच्चून गर्दी, आणि दारात पंप म्हणून बाई. आत चुकार राहिलेले तीन सोडियम त्या गच्च जिन्यात कोंबायचे, बाहेरचे दोन पोटॅशियम भरल्या हॉलमध्ये ओढायचे. प्रत्येक फेरीला चिक्कीचा तुकडा बाईंच्या तोंडात. “ही ऊर्जा! मोकळ्या जागेत कुणीही जाईल. गर्दीतच घुसवायचं तर खावं लागतं.”

“मॅम, मैं फिर सोडियम? यार, आज तरी पोटॅशियम करा ना!”

“चेहऱ्यावरूनच खारट दिसतोस. बाहेर!”

मग बाईंच्या हृदयानं कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी बजावलं, दगदग थांबवा, नाहीतर जिवावर बेतेल. पुण्याहून लेकीचा फोन आला, “काका, आईला बसवा हो. तुमचं ऐकेल.”

रविवारी वर्ग चालू असतानाच मी मोठ्या ऐटीत वर गेलो आणि दारातच खुर्ची मांडली.

“बाई, बसा.”

“भाऊ, पेशीचा पंप झोपेतही चालतो. थांबला की पेशी फुगते, मरते.”

“तुम्ही काय पेशी आहात?”

“कोट्यवधी. आणि तुम्ही सोडियम!”

मी जिन्यात. मागून खुर्चीही आली. मुलं हसली, मीही हसलो. मग बाई हळूच म्हणाल्या, “बसले, तर पुन्हा उठणार नाही अशी भीती वाटते हो.”

त्यानंतर मी खुर्ची नेली नाही.

बाई हिवाळ्यात गेल्या. भेटायला इतकी माणसं लोटली की हॉल भरला, जिना भरला; कुणाला आत जाता येईना, कुणाला बाहेर पडता येईना. तेव्हा त्यांची एक जुनी विद्यार्थिनी उठली आणि दारात, बाईंच्या जागी, जाऊन उभी राहिली. तिनं तिघांना बाहेर काढलं, दोघांना आत घेतलं. पुन्हा तिघं, पुन्हा दोघं.

चिक्कीचा डबा फळीवर बंदच होता.

माझ्या पाठीवर तिचा हात पडला, तेव्हा मी कुरकुर न करता जिन्यात जाऊन उभा राहिलो.