कालिपा आपा आणि बांधलेला घोडा

मेरीमला आज हे विचाराल, तर ती आधी तोंडावर हात ठेवून पोटभर हसून घेते आणि मगच बोलते. कोक-साई या डोंगरातल्या गावाच्या वाचनालयात नेमणूक झाली, त्या पहिल्याच आठवड्यात तिनं कालिपा आपाबद्दल आपलं मत पक्कं करून टाकलं होतं, की ही म्हातारी शेगडीसाठी येते.

आता यात पोरीची तरी काय चूक म्हणा! आपा सकाळी दहाला यायची ती कातड्याच्या वाद्यांची, म्हणजे चिंचोळ्या पट्ट्यांची, पिशवी घेऊनच. शेगडीला पाठ लावून बसायची, मांडीवर एक जाडजूड पुस्तक उघडायची आणि हातांनी घोड्याचे पायबंद विणत राहायची. घोडा चरायला सोडला की लांब जाऊ नये म्हणून त्याच्या पुढच्या दोन पायांत अडकवतात ना, तेच. मेरीमनं आठवडाभर डोळे लावले, पण तिला पान उलटताना काही दिसलं नाही. ‘बिचारीला वाचता येत नसेल, लाजेकाजेनं पुस्तक धरते,’ असं म्हणून या दयाळू मुलीनं तिला मुलांचं एक चित्रांचं पुस्तक नेऊन दिलं. कोल्ह्याची गोष्ट. मोठी मोठी अक्षरं.

आपानं ते घेतलं आणि दुपारी परत दिलं.

“बरंय. कोल्हा शेवटी घरी पोचतो, तेवढं चांगलं केलंय. आता मला ‘काळी हिमनदी’चा चौथा खंड काढून दे. एक पान बघायचंय.”

“तुम्ही... तो वाचलाय, आपा?”

“दोनदा. पाचवा एकदाच. त्यात नुसता समुद्र आहे, मेला.”

पान ती कोपरानं उलटायची. हात वाद्यांत गुंतलेले असले की माणूस दुसरं काय करणार? मेरीमचे कान लाल झाले ते संध्याकाळपर्यंत तसेच होते. पण त्या दिवसापासून दोघींचं जमलं ते जमलंच.

कालिपा आपानं एकतीस वर्षं सरकारी घोडपैदाशीच्या फार्मावर काढली. किती शिंगरं तिच्या हातावर जन्मली, याचा हिशेब तिनं कधी ठेवला नाही, पण नावं विचारा, एकेकाचं घडाघडा सांगेल. नवरा लवकर गेला, मुलं शहरात गेली आणि एके दिवशी फार्मही बंद झाला. घोडे विकले गेले. दुसऱ्या दिवशी आपा वाचनालयात आली आणि तेव्हाच्या म्हाताऱ्या ग्रंथपालाला म्हणाली, “खरे नाहीत तर पुस्तकातले दे, पण घोडे पाहिजेत.” त्यानं तिच्या हातात ‘काळी हिमनदी’चा पहिला खंड ठेवला. बोरोन नावाचा सरदार, त्याचा शुमकार नावाचा करडा घोडा आणि बर्फाखाली झोपलेला राक्षस. सहा खंडांची गोष्ट होती आणि पाच आले होते. शेवटच्या खंडासाठी सगळ्या गावानं चार वर्षं वाट पाहिली.

तो आला ऑक्टोबरात, टपालाच्या गाडीतून, बटाट्याच्या पोत्यांवर बसून. प्रत एकच. चिठ्ठ्या टाकून नंबर लावले. शाळेच्या जिरगलबाई वाचून आल्या त्या नाक लाल करूनच. “काय शेवट केलाय गं! राक्षस वितळतो आणि त्याचं पाणी होऊन शेतांत जातं! माझे दोन रुमाल भिजले.” पशुवैद्य म्हणाला झकास. दुकानवालीनं तर दुकान बंद ठेवून वाचलं आणि लोकांना साखर मिळाली नाही. सगळं गाव खूश होतं.

कालिपा आपानं नऊ दिवस घेतले. दहाव्या दिवशी पुस्तक मिटलं, टेबलावर ठेवलं आणि चहा न घेता निघून गेली. आपा चहा न घेता गेली, म्हणजे काय झालं असेल बघा.

इकडे मेरीमचं वेगळंच चाललं होतं. ‘काळी हिमनदी’चा लेखक बेकतेमीर खोऱ्यातल्या दोन गावांना भेट देणार, अशी प्रकाशनाची चिठ्ठी आली होती. ज्यांना बोलवायचंय त्यांनी वाचकांची मतं लिहून पाठवा. मेरीमनं त्याचा फोटो कॅलेंडरातून कापून टेबलामागे चिकटवला होता. तीन वर्षांत तिच्या वाचनालयात बाहेरचं माणूस आलं असेल तर ते विजेचं मीटर बघणारा. त्यालाही तिनं चहा पाजला होता. लेखक आला तर? तर निदान शहरातल्या मैत्रिणींना सांगता तरी येईल, की मी डोंगरात नुसती पुस्तकं झटकत नाही.

तिनं बारा जणांची मतं गोळा केली. बाराही कागदांवर ‘अत्यंत समाधानी’. तेरावा कागद आपाचा. त्यावर गोलगोल अक्षरांत लिहिलं होतं: ‘असमाधानी. घोडा बांधलेलाच आहे.’

“आपा, हे काय?”

“लिहिलंय ना! वाचता येतं की तुलाही कोल्ह्याचं पुस्तक देऊ?”

“अहो, पण कुठला घोडा? शेवटी बोरोन घोड्यावर बसूनच परत येतो की.”

“तो पांढरा! समुद्रापलीकडे मिळालेला. शुमकार कुठाय?” आपानं वाद्या खाली ठेवल्या. तिनं वाद्या खाली ठेवल्या की समोरच्यानं सरळ बसावं. “चौथा खंड, पान दोनशे बारा. बोरोन गुहेत शिरतो. शिरण्याआधी शुमकारच्या पुढच्या पायांत पायबंद घालतो. बरोबर? गुहेतून निघतो तो डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. मग जहाज, मग बेट, मग त्या निळ्या डोळ्यांच्या बाईशी लग्न. पाचवा खंड सबंध हिवाळ्याचा. पोरी, पुढचे पाय बांधलेला घोडा बर्फ उकरतो कशानं? खुरानं उकरावं तेव्हा खालचं गवत मिळतं. अकराशे पानं झाली, तो तिथं उपाशी उभा आहे. आणि हा इकडे राजा होऊन मेजवानी खातोय!”

“पुस्तकातला घोडा आहे, आपा.”

“मग राक्षस कुठला होता? नारीनच्या बाजारातला? त्याच्यासाठी जिरगलनं दोन रुमाल भिजवले ते चाललं तुम्हाला.”

काही दिवसांनी मेरीमनं मतांचं पाकीट धाडायला घेतलं. तिनं काय केलं? बारा कागद पाकिटात घातले आणि तेरावा खणात ठेवला. एवढ्या चांगल्या बारा कागदांत हा एक नन्नाचा पाढा बघून लेखक दुसऱ्याच गावाला गेला असता, नाही का? पाकीट चिकटवलं. मग शेगडीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे तिची नजर गेली. त्या बोलण्यापासून आपा नऊ दिवस आली नव्हती. वाचायला नऊ दिवस आणि रुसायलाही बरोबर नऊ, हिशेबाची पक्की. मेरीमनं स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या, पाकीट फोडलं, तेरावा कागद आत सरकवला आणि दुसरं पाकीट नव्हतं म्हणून तेच पिठाच्या खळीनं चिकटवून धाडलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. एकच ओळ. ‘शनिवारी येतो. घोडावाल्या आजी असतील ना?’

काय सांगू, मेरीम आधी नाचली, मग घाबरली. शनिवारी गावानं बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे गोळे, तळले, साय काढली, मेंढा कापला. बेकतेमीर आला. फोटोपेक्षा डोक्यावरचे केस कमी, अंगावरचं जाकीट पातळ, आणि वाचनालयात पाय ठेवतो न ठेवतो तोच थंडीनं नाक गळायला लागलं. जिरगलबाईंनी भाषण सुरू केलं, पण याचे डोळे शेगडीकडे.

आपा बसली होती. हातात वाद्या.

“आपा,” तो तिच्यापुढं उकिडवा बसला, “तुमचा कागद आला त्या रात्री मला झोप लागली नाही. मी विसरलो. खरंच विसरलो. संपादक विसरले, हजारो वाचक विसरले.”

“मी नाही विसरले.”

“नाही ना! म्हणून नवीन आवृत्तीसाठी एक परिच्छेद लिहिलाय. तुम्हाला आधी ऐकवायला आलोय.”

जिरगलबाईंनी तिसरा रुमाल काढून तयार ठेवला. बेकतेमीरनं कागद उलगडला आणि वाचलं. राजा झालेला बोरोन मेजवानी अर्धी टाकून उठतो, एकटाच डोंगर चढतो. गुहेच्या तोंडाशी गरम पाण्याचा झरा असतो, तिथं बर्फ साचत नाही, गवत हिरवं राहतं. शुमकार म्हातारा झालेला असतो, पण उभा असतो. ‘बोरोननं गुडघे टेकले, कमरेचा सुरा काढला आणि पायबंद कापला.’

दुकानवालीनं हुंदका दिला. मेरीमचंही नाक चुरचुरलं. सगळ्यांनी आपाकडे पाहिलं.

“झरा चांगला काढलास,” आपा म्हणाली. “शेवट चुकला.”

“आता काय झालं?”

“पायबंद कापत नाहीत.”

“असं कसं, आपा? गेल्या वर्षी माझ्या मुलीचा कापला की! शर्यत लावली, पहिल्या आलेल्या पोरानं चाकूनं कापला.”

आमच्याकडे मूल पहिल्यांदा चालायला लागलं की त्याच्या पायांत दोरा बांधतात आणि कापतात, पुढं अडखळू नये म्हणून. शहरात वाढलेल्या या बिचाऱ्यानं आयुष्यात पाहिलेला पायबंद तेवढाच.

“तुझी मुलगी घोडा आहे का?” आपानं विचारलं, आणि पशुवैद्याच्या नाकातून चहा आला. “तो लोकरीचा दोरा असतो, बाळा, कापायलाच बांधलेला. हा कातड्याचा. सहा महिने भिजवा, चोळा, विणा. बापानं विणलेला मुलगा वापरतो. कोण कापेल?”

“पण आपा, कापला म्हटलं की कसं जोरदार वाटतं. राजा आहे, घाईत आहे...”

“घाईत आहे?” आपानं हातातला नवाकोरा पायबंद शेगडीजवळच्या स्टुलाच्या दोन पायांत अडकवला आणि मेंढ्याचा सुरा मागवून त्याच्या हातात दिला. “काप.”

बेकतेमीरनं कापायला घेतला. घासला. सुरा घसरला. जाकीट काढलं, पुन्हा घासला. चार पदरी वीण ती! त्याचं कपाळ घामानं चमकायला लागलं, चहावर साय धरली, आणि वादीवर उमटला तो फक्त एक पांढरट ओरखडा. पोरं खिडकीला नाकं लावून खिदळत होती.

“राजा दमला असेल,” आपा म्हणाली. “घोडाही म्हणत असेल, आटप बाबा.”

मग ती वाकली. पायबंद अडकवून ठेवणारी हाडाची छोटी खुंटी अंगठ्यानं वादीच्या भोकातून सरकवली. टिक्. पायबंद तिच्या तळव्यात येऊन पडला.

बेकतेमीर जमिनीवरच बसला. खिशातून पेन काढलं, आधी ‘सुरा काढला’ खोडलं, मग ‘कापला’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘अंगठ्यानं खुंटी सरकवली आणि पायबंद सोडला.’ कागद आपापुढं धरला. तिनं तो लांब धरून वाचला, जवळ धरून वाचला. मग त्याच्याकडेच हात पुढं केला.

“माझा तो तेरावा कागद आणलायस का? दे इकडे. ‘असमाधानी’तला ‘अ’ तेवढा खोडते.”